दिवाळीत बालगृहाला मदत: तंगीच्या वर्षात ती कोणत्या क्रमाने करावी

दिवाळीच्या आठवड्यात बालगृहाच्या कोठीत सोनपापडीचे साठ डबे जमा होतात आणि त्याच कोठीतली तूरडाळ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. मी काही वर्षे अशा एका कोठीची साठा नोंदवही लिहिली आहे. तिच्यातली दिवाळीची पाने भरगच्च आणि त्यापुढची पाने जवळजवळ कोरी पाहिल्यावर ध्यानात आले, की देणाऱ्यांची इच्छा सहसा कमी पडत नाही, चुकतो तो क्रम. बहुतेक जण आधी खरेदी करतात, मग संस्थेला फोन करतात, आणि संस्थेची नोंदणी तपासण्याचे तर राहूनच जाते. हातात पैसा खेळता असतो तेव्हा ही चूक खपून जाते. पगार वाढलेला नाही, सोयाबीन पावसात गेले, दुकानाचा हंगाम बसला, अशा वर्षी मात्र पाचशे रुपयेसुद्धा चुकीच्या वस्तूवर खर्च होणे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही परवडत नाही.

पुढील टप्पे महाराष्ट्रातील बालगृहे, निवासी शाळा आणि मुलांची वसतिगृहे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण महिनाभराचा अवधी मिळतो. घटस्थापनेला सुरुवात, दसऱ्यापर्यंत चौकशी, कोजागरीपर्यंत निर्णय आणि वसुबारसेच्या आधी पोहोच, असे वेळापत्रक धरले की धावपळ होत नाही.

टप्पा १: रक्कम ठरवा, आणि ती कमी असेल तर आधी कळवा

घरखर्चाच्या वहीत मदतीचा आकडा फराळ, कपडे आणि प्रवास यांच्या आधी लिहावा. शेवटी लिहिला तर उरेल तेवढाच राहतो, आणि तंगीच्या वर्षी काही उरत नाही. आकडा ठरला की त्याचे लगेच दोन भाग करावेत. माझा हिशेब असा असतो की एक तृतीयांश दिवाळीसाठी आणि दोन तृतीयांश जानेवारी ते मार्च या काळासाठी. तीन हजार रुपये द्यायचे असतील, तर एक हजार आता, एक हजार संक्रांतीच्या सुमारास आणि एक हजार मार्चमध्ये. एकदम तीन हजार काढणे जड जात असेल, तर दरमहा २५० रुपयांची बँकेला दिलेली स्थायी सूचना वर्षभरात तेवढीच रक्कम पोहोचवते, आणि संस्थेला पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येतो.

दर वर्षी देणाऱ्यांसाठी एक अवघड पण आवश्यक काम याच टप्प्यावर येते. गेल्या वर्षी दहा हजार दिले होते आणि यंदा तीनच हजार जमणार असतील, तर संकोचाने गप्प बसू नये. संस्थेचे व्यवस्थापक जुन्या देणगीदारांची यादी पाहूनच वाण्याला शब्द देतात आणि काळजीवाहकांच्या दिवाळीच्या पैशांची तजवीज करतात. त्या यादीतले दहा जण न सांगता मागे सरले की फटका दिवाळीच्या तोंडावर बसतो, जेव्हा दुसरे दार ठोठावायला वेळ उरलेला नसतो. ‘यंदा आमच्याकडून तीन हजारच होतील आणि तेही दोन हप्त्यांत’ एवढे एक वाक्य दसऱ्याच्या आत लिहून पाठवले, तर त्या सूचनेचेही मोल असते. कमी दिल्याबद्दल कोणी बोल लावल्याचे मी पाहिलेले नाही. न कळवल्याने घोटाळा झालेला मात्र अनेकदा पाहिला आहे.

तपासणी: आकडा लिहिला आहे का? त्याचे ‘आता’ आणि ‘नंतर’ असे दोन भाग झाले आहेत का?

टप्पा २: संस्था निवडा आणि तिची मान्यता पाहा

निवडताना शक्यतो जवळची आणि कमी नावाजलेली संस्था पाहावी. पुण्या-मुंबईच्या परिचित संस्थांत दिवाळीतल्या जेवणाच्या तारखा आधीच भरलेल्या असतात, आणि त्याच वेळी तालुक्याच्या गावातल्या वीस-पंचवीस मुलांच्या वसतिगृहाकडे कोणी फिरकत नाही. मराठवाड्यातली स्थिती आणखी वेगळी असते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची मागे राहिलेली मुले हंगामी वसतिगृहांत किंवा आजी-आजोबांकडे असतात. तिथे खरी गरज दिवाळी संपल्यावर सुरू होते.

जवळची आहे आणि ओळखीच्या माणसाने सुचवली आहे, म्हणून तपासणी टाळू नये. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेने बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणी न करता अशी संस्था चालवणाऱ्याला कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेला पुढील तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, मान्यता कोणत्या विभागाची आहे आणि तिची मुदत कधीपर्यंत आहे. बालगृहाची मान्यता महिला व बाल विकास विभागाची असते. आश्रमशाळा, अपंग मुलांच्या निवासी शाळा आणि मागासवर्गीय वसतिगृहे वेगळ्या विभागांच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे प्रत्येकाकडे एकच कागद मागू नये.

दुसरी, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक. तो बहुधा ‘एफ’ किंवा ‘ई’ या अक्षराने सुरू होतो, त्यापुढे आकडा आणि जिल्ह्याचे नाव असते, आणि तो पावतीवर छापलेला असायला हवा.

तिसरी, बँक खाते कोणाच्या नावावर आहे. ते संस्थेच्या किंवा तिच्या विश्वस्त मंडळाच्या नावावरच असले पाहिजे; अध्यक्ष, सचिव किंवा ‘आमचे एक कार्यकर्ते’ यांच्या नावावर नव्हे.

शंका राहिली तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात संस्थेचे नाव सांगून मान्यतेची चौकशी करता येते. चांगल्या संस्थेला या चौकशीचा राग येत नाही. तिथले अधीक्षक बहुधा विचारण्याआधीच मान्यतेचा कागद पुढे करतात.

सावधान: सिग्नलवर किंवा दारोदार मुलांच्या हाती पावती पुस्तक देऊन वर्गणी मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. मुले बेकायदा ठेवली जात असल्याचा किंवा त्यांना त्रास होत असल्याचा संशय आला, तर १०९८ या चाईल्ड हेल्पलाइनवर कळवावे.

टप्पा ३: खरेदीपूर्वी फोन करा आणि योग्य प्रश्न विचारा

सगळ्या कामाचा निकाल या फोनवर लागतो, म्हणून त्याला पुरेसा वेळ द्यावा. सकाळी मुलांना शाळेत पाठवण्याची आणि संध्याकाळी जेवणाची वेळ सोडून दुपारी फोन करावा आणि थेट अधीक्षकांशी किंवा कोठी सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलावे. विश्वस्तांना संस्थेचे धोरण ठाऊक असते. तेलाचा डबा किती दिवस पुरेल, हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे ‘तुम्हाला काय हवे आहे?’ असा प्रश्न. त्याला ‘जे द्याल ते चालेल’ हे एकच उत्तर मिळते. सिलिंडर किंवा विजेचे बिल मागितले तर समोरचा माणूस हिरमुसेल आणि फराळही आणणार नाही, अशी भीती अधीक्षकांना वाटते, आणि ती अनुभवातून आलेली असते. त्याऐवजी पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

१. ‘दिवाळीच्या सुट्टीत प्रत्यक्ष किती मुले संस्थेत राहणार आहेत?’ आई किंवा वडील हयात असलेली, काका-मामांकडे जाऊ शकणारी मुले सुट्टीत घरी जातात. पन्नास मुलांच्या संस्थेत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाराच मुले असणे काही नवलाचे नाही. हा आकडा न विचारता आणलेली पन्नास ताटे वाया जातात.

२. ‘त्या दिवसांत कोणत्या वस्तू गरजेपेक्षा जास्त येतात?’ मिठाई, बिस्किटे, कंपासपेट्या आणि पाण्याच्या बाटल्या, हे उत्तर जवळजवळ ठरलेले असते.

३. ‘गेल्या महिन्यात उधारीवर काय आणावे लागले?’ माझ्या मते हा सगळ्यांत उपयोगी प्रश्न आहे. यात कोणी काही मागत नाही, घडलेली गोष्ट सांगतो, म्हणून संकोच गळून पडतो. तूरडाळ, गोडेतेल, गॅस, सॅनिटरी पॅड, खरजेचे मलम, दहावीच्या मुलींचे परीक्षा शुल्क, मुलांना गावी सोडून येण्याचे एसटीचे भाडे, अशी खरी यादी या प्रश्नानंतर बाहेर येते.

४. ‘जानेवारी ते मार्चमध्ये काय कमी पडते?’ शासकीय अनुदान असलेल्या संस्थांनाही ते हप्त्यांनी आणि अनेकदा उशिरा मिळते. त्या मधल्या काळात कोठी कोण भरतो, हे इथे समजते.

५. ‘संस्थेत यावे की नाही, आणि यायचे असल्यास कोणत्या दिवशी?’ येऊ नका, असे उत्तर आले तर ते मान्य करावे.

उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि यादी लघुसंदेशाने परत पाठवून ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारावे. फोनवर ‘चादरी’ म्हटलेले असते आणि दुकानात आपल्याला ब्लँकेट आठवते, हा गोंधळ एवढ्याने टळतो.

तपासणी: मुलांची संख्या, वयोगट आणि मुलगे-मुली यांचे प्रमाण लिहिले आहे का? यादीला संस्थेचा होकार आला आहे का? आला नसेल तर पाकीट उघडू नये.

टप्पा ४: पैसे, वस्तू की वेळ, हे ठरवा

रक्कम लहान असेल तर पैसे देणे हाच उत्तम मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संस्था घाऊक भावाने खरेदी करते, आपण किरकोळ भावाने. एक साधा हिशेब पाहा. एका मुलामागे दिवसाला ८० ग्रॅम डाळ धरली, तर ३० मुलांना दिवसाला २.४ किलो आणि महिन्याला ७२ किलो डाळ लागते. किलोला १२० रुपये भाव धरला, तर दोन हजार रुपयांत साडेसोळा किलोंच्या आसपास, म्हणजे जवळपास आठवडाभराची डाळ येते. त्याच दोन हजारांत चांगल्या दुकानातली मिठाई एका संध्याकाळची होते, आणि तीही त्याच आठवड्यात आलेली पाचवी मिठाई असते.

ज्या खर्चाचा फोटो काढता येत नाही, त्या खर्चाला देणगीदार मिळत नाही. विजेचे बिल, सिलिंडर, संडासाच्या टाकीचा उपसा, रात्रपाळीच्या मावशींचे मानधन हे खर्च तंगीच्या वर्षी संस्थेच्या गळ्याशी येतात. रोख रक्कम देण्यास मन धजत नसेल, तर महावितरणच्या वीजबिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक मागून घेऊन बिल परस्पर भरता येते. भरण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे ग्राहकाचे नाव संस्थेचेच आहे ना, हे पाहावे. वाण्याकडची उधारीही अशीच दुकानात जाऊन, संस्थेच्या खात्यावर जमा करून, पावती घेऊन फेडता येते.

वस्तूच द्यायच्या असतील तर दिवाळीसाठी एक स्वस्त आणि हमखास उपयोगी पडणारी गोष्ट सुचवतो. संस्थेत राहणाऱ्या प्रत्येक मुलामागे अभ्यंगस्नानाचा एकेक संच तयार करावा: उटण्याची पुडी, तेलाची लहान बाटली, सुगंधी साबणाची पूर्ण वडी आणि नवा पंचा. संस्थेत साबणसुद्धा बहुतेक वेळा वाटून वापरावा लागतो, त्यामुळे स्वतःच्या नावाची वडी मिळणे ही त्या मुलांना चैन वाटते.

शालेय साहित्य देताना लक्षात ठेवावे की शासकीय व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. अडचण नववीपासून पुढे सुरू होते. वह्या आणि दहावी-बारावीचे सरावसंच यांची गरज संस्थेला विचारून घ्यावी.

पैसे अजिबात नसतील तर वेळ द्यावा, पण ठरवून. शिलाई येत असेल तर फाटलेल्या गणवेशांची एक दुपार, वीजकाम येत असेल तर बंद पडलेल्या पंख्यांचा एक रविवार, हिशेब येत असेल तर लेखापरीक्षणासाठी पावत्या लावून देणे, ही कामे संस्थेला पैसे मोजून करून घ्यावी लागतात. शिकवायचे असेल तर दिवाळीनंतर दहावीच्या परीक्षेपर्यंत आठवड्यातून ठरावीक दोन दिवस येण्याची तयारी असावी. तीन आठवडे शिकवून नाहीसे होणाऱ्या ताई-दादांपेक्षा कोणी न आलेले बरे. मुलांसोबत नियमित काम करण्यासाठी संस्था ओळखपत्र, लेखी हमी किंवा पोलीस पडताळणी मागेल, तेव्हा तो अविश्वास समजू नये.

टप्पा ५: वर्गणी एकत्र करायची असेल तर

सोसायटीत किंवा कार्यालयात दहा-वीस जणांनी मिळून देणे तंगीच्या वर्षी शहाणपणाचे असते, पण हिशेबाची भांडणेही इथेच होतात. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत आणि व्यवहाराचा क्रमांक गटात टाकावा. ते शक्य नसेल तर एकाने पैसे घ्यावेत, दुसऱ्याने यादी ठेवावी, आणि जमा रक्कम आठ दिवसांच्या आत संस्थेकडे जावी. जिन्यातल्या फलकावर लावायच्या यादीत नावे लिहावीत, आकडे लिहू नयेत. ज्याची नोकरी गेली आहे त्याच्या नावापुढची १०० ही संख्या शेजाऱ्यांनी वाचण्याची काही गरज नाही.

सावधान: आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर, बाजारात किंवा रस्त्यावर डबा घेऊन वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांना ही प्रक्रिया ठाऊक असते. दिवाळीत ती सगळ्यांच्याच विस्मरणात जाते.

टप्पा ६: खरेदी, वर्गवारी आणि बांधाबांध

खरेदी संस्थेने होकार दिलेल्या यादीप्रमाणेच करावी. दुकानात ‘हेही बरे दिसते’ असे वाटून घेतलेली प्रत्येक वस्तू यादीतल्या एखाद्या वस्तूची जागा खाते. मुलांना एकाच दर्जाच्या वस्तू द्याव्यात. तीसपैकी पाच दप्तरे वेगळी आणि भारी असली तर ती संध्याकाळ रडारडीत जाते, आणि निस्तरायचे काम मावशींच्या वाट्याला येते.

जुन्या कपड्यांबाबत थोडे कठोर व्हावे लागते. दिवाळीच्या साफसफाईत निघालेले गाठोडे तसेच संस्थेत पोहोचवणे याला दान म्हणता येत नाही. तो कचरा उचलण्याचा खर्च दुसऱ्यावर टाकण्याचा प्रकार आहे. धुतलेले, बटणे व चेन शाबूत असलेले आणि आपण स्वतःच्या भाच्याला घालू असेच कपडे द्यावेत. वयाप्रमाणे गठ्ठे बांधून प्रत्येकावर ‘८ ते १० वर्षे, मुली, ६ नग’ अशी चिठ्ठी लावावी. अंतर्वस्त्रे आणि मोजे नवेच असावेत. शिवाय संस्थेने जुने कपडे घेण्यास होकार दिलेला असला पाहिजे. अनेक संस्था आता ते घेतच नाहीत.

फराळ द्यायचा ठरला असेल तर तो एकाच दिवशी ढिगाने देऊ नये. चिवडा आणि शंकरपाळी दिवाळीनंतरच्या आठवड्यात दिली तर ती शाळेच्या डब्यातही जातात. ओले खोबरे किंवा खव्याचे पदार्थ टाळावेत, पुडीवर बनवल्याची तारीख लिहावी आणि शेंगदाणे किंवा सुका मेवा असल्यास तसे नमूद करावे. शिजवलेले जेवण नेण्याचा मोह आवरावा. न्यायचेच असेल तर ते गरम असतानाच पोहोचेल आणि लगेच वाढले जाईल, अशी वेळ अधीक्षकांशी ठरवावी. समारंभातले उरलेले अन्न रात्री अकराला नेऊन देणे, हा प्रकार तर पूर्ण बंद व्हायला हवा.

सावधान: फटाके संस्थेने मागितल्याशिवाय नेऊ नयेत. दोन काळजीवाहकांना तीस मुलांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही. तान्ह्या बाळांच्या संस्थेत दुधाची पावडर किंवा औषध आपल्या मनाने न नेता तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलेच न्यावे.

टप्पा ७: पैसे पाठवणे आणि पावती

यूपीआयने पैसे पाठवताना क्यूआर कोड संस्थेच्या कार्यालयातून किंवा पावतीवरून घ्यावा. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या आवाहनातला कोड वापरू नये. रक्कम टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव टप्पा २ मध्ये तपासलेल्या खात्याचेच आहे का, हे पाहावे. फसवणूक झाल्यास तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

प्राप्तिकराची सवलत ‘८०जी’ या नावाने परिचित आहे, आणि तिच्याबद्दलचे गैरसमज दर वर्षी ऐकू येतात. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही, आणि आता तीच प्रणाली मूळ पर्याय म्हणून लागू असते. त्यामुळे जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनीच पुढचे वाचावे. वस्तूरूपाने दिलेल्या दानाला सवलत नाही, मग ती दहा हजारांची किराणा भरणी का असेना. परस्पर भरलेले वीजबिलही त्यात धरता येत नाही. रोख दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी सवलतीला पात्र ठरत नाही. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेचीच वजावट मिळते आणि तिलाही उत्पन्नाशी जोडलेली मर्यादा असते. पाच हजार दिले, तर अडीच हजारांची वजावट, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाचा सुमारे पाचशे रुपये कर वाचतो. एवढ्यासाठीसुद्धा संस्थेला आपला पॅन देणे आणि आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीचे प्रमाणपत्र मागून घेणे आवश्यक असते.

परदेशातल्या नातेवाइकांना सहभागी व्हायचे असेल, तर त्यांच्याकडे पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, हा पहिला प्रश्न. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय बँकेमार्फत आपल्या बचतीतून थेट देणगी देऊ शकतो. अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतलेला भाऊ मात्र, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी, कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत ठरतो. त्याची देणगी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातूनच घेता येते. लहान संस्थांकडे ही नोंदणी बहुधा नसते. अशा वेळी भावाने पैसे आपल्या खात्यात पाठवायचे आणि आपण ते संस्थेला द्यायचे, ही पळवाट वापरू नये. कारण अडचणीत संस्था येते.

तपासणी: पावतीवर संस्थेचे नाव, धर्मादाय नोंदणी क्रमांक, तारीख, रक्कम आणि सही आहे का? वस्तू दिल्या असतील तर त्यांची नगवार पोचपावती घेतली आहे का?

टप्पा ८: संस्थेत जाण्याचा दिवस

बोलावले असेल तरच, सांगितलेल्या वेळी, चार-पाच जणांनीच जावे. वस्तू कार्यालयात किंवा कोठीत जमा कराव्यात. मुलांना रांगेत उभे करून एकेकाच्या हातात पुडा देणे आणि त्यांच्याकडून ‘थँक्यू’ म्हणवून घेणे मुलांना किती बोचते, हे तिथे मोठ्या झालेल्या माणसांना विचारावे. वाटप मावशींच्या हातून होऊ द्यावे.

फोटोंचा विषय कायद्याचा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटवणारी कोणतीही माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉट्सअॅप स्टेटसही त्यातून सुटत नाही, आणि चेहऱ्यावर स्मायली चिकटवून मागे संस्थेचा फलक ठेवणे म्हणजे पळवाट शोधणे होय. फोटो हवाच असेल तर वस्तूंचा काढावा.

बोलताना ‘तुझे आईबाबा कुठे असतात?’ आणि ‘तू इथे कसा आलास?’ हे प्रश्न वर्ज्य समजावेत. आपला फोन क्रमांक देणे, ‘पुढच्या रविवारी नक्की येतो’ असे सांगणे, एखाद्याच मुलाला बाजूला घेऊन पैसे किंवा भेट देणे टाळावे. ‘दिवाळीपुरते दोन मुलांना घरी नेतो’ ही कल्पना प्रेमातून येते, पण मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने संस्थेत असते आणि अधीक्षक ते परस्पर कोणाकडेही सोपवू शकत नाहीत. त्यांच्यावर आग्रहाचे दडपण आणू नये. दत्तक घेण्याची इच्छा असल्यास त्यासाठी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील नोंदणीचा मार्ग आहे. तो विषय संस्थेत मुलांसमोर काढूच नये.

आपली मुले सोबत न्यायची असतील तर त्यांना आधी दोन गोष्टी सांगाव्यात: आपण कोणाच्या तरी घरी चाललो आहोत, आणि घरी जातो तसेच वागायचे. ‘बघ, या मुलांना काहीच मिळत नाही’ हे वाक्य गाडीतसुद्धा उच्चारू नये.

टप्पा ९: तुळशीच्या लग्नानंतर

दिवाळी संपल्यावर मोबाइलमध्ये तीन आठवणी लावून ठेवाव्यात. पहिली १० जानेवारीची: अधीक्षकांना फोन करून ‘गेल्या महिन्यात उधारीवर काय आणले?’ हा तोच प्रश्न विचारावा आणि बाजूला ठेवलेला दुसरा हिस्सा पाठवावा. थंडी तेव्हा कडक असते, त्यामुळे पांघरुणे आणि खोकल्याची औषधे यांचा उल्लेख निघण्याची शक्यता बरीच असते. दुसरी मार्चच्या पहिल्या आठवड्याची: आर्थिक वर्ष संपत आलेले असते, परीक्षा चालू असतात आणि संस्थेची सगळी बिले एकदम येतात. तिसरी मेच्या अखेरची: शाळा सुरू होण्याआधी आठवीच्या पुढच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांची यादी तयार होते, आणि करसवलत घ्यायची असेल तर देणगीचे प्रमाणपत्रही याच सुमारास मागावे लागते.

दुसरा हिस्सा द्यायला जमणार नसेल, तर १० जानेवारीचा फोन तरीही करावा आणि तेवढेच सांगावे.